शर्यतीच्या गाडीचा क्लच आणि फ्लायव्हील: लेथवर जाण्याआधी वाचा

"फ्लायव्हील हलकं करून आणलंय, आता त्यावर चांगला क्लच बसवून द्या." हे वाक्य महिन्यातून दोन-तीनदा तरी आमच्या कानावर पडतं, म्हणून हा कागद छापला. फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या शाफ्टला लावलेली जड चकती, आणि क्लच तिच्यावर बसतो. आधी लेथ आणि मग क्लच, यात क्रमच उलटा झालेला असतो आणि त्याचा भुर्दंड गिअरबॉक्स दोनदा उतरवून भरावा लागतो.

लेथवर काय बिघडतं

बऱ्याच गाड्यांचं फ्लायव्हील सपाट नसतं. क्लचची प्लेट घासते ती जागा आणि प्रेशर प्लेटचे (प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाचे) बोल्ट लागतात ती कड, यांच्यात पायरी असते. लेथवाला घासलेला भाग आरशासारखा करून देतो, कडेला हात लावत नाही. निघतो अर्धाच मिलिमीटर, पण प्रेशर प्लेटला आता तेवढं जास्त पुढे यावं लागतं. म्हणजे नवीकोरी प्लेट पहिल्याच दिवशी अर्धा मिलिमीटर झिजल्यासारखी बसते आणि डायाफ्राम स्प्रिंगची (प्रेशर प्लेटला दाब देणाऱ्या चपट्या स्प्रिंगची) पकड ठरलेल्या जागी राहत नाही. जितकं घासायच्या जागेवरून काढलं, तितकंच कडेवरूनही काढायला हवं. कड जास्त निघाली तर उलटीच पंचाईत: पेडल तळाला लावलं तरी क्लच सुटत नाही, गिअर खरखरतो.

मागे एक मारुती एस्टीम आली होती. तिसऱ्या गिअरमध्ये आरपीएमचा काटा वर पळायचा, गाडी मागेच. मालकाने दोन प्लेटा बदलून झाल्या होत्या. फ्लायव्हील सरफेस प्लेटवर (मोजमापाच्या सपाट पाटावर) ठेवून मोजलं तर पायरी ०.७ मिमी चुकलेली. दोन्ही प्लेटांचा काही दोष नव्हता बिचाऱ्यांचा.

त्यामुळे बाहेर टर्निंग केलेलं फ्लायव्हील आम्ही मोजल्याशिवाय चढवत नाही. काहींना हा आडमुठेपणा वाटतो. मोजायला वीस मिनिटं लागतात, गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्यात अख्खा दिवस जातो, आणि ती मजुरी आम्हाला सोडता येत नाही.

मूळ फ्लायव्हील कास्ट आयर्नचं असेल तर ते कोरून शर्यतीसाठी हलकं करायचं काम आम्ही घेत नाही, कितीही ओळख असली तरी. फिरताना पडणारा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६००० वरून ८००० वर गेलात की तो पावणेदोन पटींच्या वर जातो. फुटलंच तर तुकडे बेलहाऊसिंग (क्लचवरचं धातूचं आवरण) फाडून बाहेर येतात. हलकं हवं तर अखंड स्टीलमधून कापलेलं घ्या. ॲल्युमिनियमचं घेणार असाल तर घासायच्या जागी स्टीलची चकती आहे ना, तेवढं बघा.

किती हलकं?

वजन किती निघालं यापेक्षा ते कुठून निघालं हे महत्त्वाचं. केंद्रापासून ११ सेंमीवरून ३ किलो काढले, तर पहिल्या गिअरमध्ये (एकूण रेशो १४, म्हणजे इंजिनच्या १४ फेऱ्यांना चाकाची एक, आणि टायरची त्रिज्या ३० सेंमी धरून) गाडी साधारण ८० किलोने हलकी झाल्यासारखी उठते. तेच ३ किलो साडेपाच सेंमीवरून काढले तर फायदा पाव राहतो. पाचव्या गिअरमध्ये तर ११ सेंमीवाल्याचाही हिशेब ४ किलोवर येतो. तेव्हा सरळ रस्त्यावर चमत्कार होईल अशी आशा नको. फरक कळतो तो वळणातून बाहेर पडताना आणि गिअर खाली टाकताना आरपीएम जुळवण्यात. शिवाय फार हलकं झालं की उभ्या स्टार्टला गाडी बंद पडते.

क्लच टॉर्कवर निवडा

एचपीचा (हॉर्सपॉवरचा) आकडा सांगून क्लच मिळत नाही, टॉर्क म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर सांगावा लागतो. क्लचची ताकद म्हणजे घर्षणांक, दाब, सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजू यांचा गुणाकार. ०.३, ५००० न्यूटन, ०.०९ मीटर आणि दोन बाजू धरल्या तर २७० न्यूटन-मीटर. इंजिन २०० देत असेल तर एवढं पुरे. त्यावर ५०० वाला क्लच टाकणं म्हणजे डाव्या पायाला विनाकारण शिक्षा. टॉर्क खरोखर मोठा असेल तर दोन प्लेटांचा क्लच बघा. घासणाऱ्या बाजू चार होतात, त्यामुळे व्यास लहान ठेवता येतो आणि फिरणारं वजन आत सरकतं.

पाकळ्यांची सिंटर्ड (धातूची पूड दाबून-भाजून केलेली) प्लेट ट्रॅकवर उत्तम. पण तीच गाडी संध्याकाळी अंधेरी-कुर्ला रोडवर चालवणार असाल तर घेऊ नका. तिला हाफ क्लच (पेडल अर्धवट दाबून चालवणं) मानवत नाही, दर सिग्नलला गाडी उड्या मारते. अशा गाडीला आम्ही स्प्रिंगवाली ऑरगॅनिक प्लेट आणि जरा कडक प्रेशर प्लेट देतो. दिसायला साधी, पण ट्रेलरवर चढवून चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर नेण्याऐवजी रोज चालवायच्या गाडीला तीच टिकते. ऑरगॅनिक प्लेट बसवल्यावर पहिले ५०० किलोमीटर शहरात सबुरीने चालवा. थेट ट्रॅकवर नेलीत तर ती काचेसारखी गुळगुळीत होते आणि नंतर कायम सटकते.

येताना टॉर्कचा आकडा (डायनोचा, म्हणजे इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद असल्यास तो), रेडलाइन (इंजिनची कमाल आरपीएम) आणि गाडीचं वजन लिहून आणा. सोबत जुनी प्लेट आणा, म्हणजे स्प्लाइनचे (प्लेटच्या मधल्या, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसणाऱ्या भोकातले) दात मोजता येतील. आणि फ्लायव्हील काढलेलं असेल तर आहे तसंच, गोणपाटात गुंडाळून आणा. प्लास्टिकच्या पिशवीतून मागे एकदा एकाचं फ्लायव्हील आमच्या पायरीवर पडलं, आणि रिंग गिअरचा (त्याच्या कडेच्या दातेरी कड्याचा) दात गेला.