अफूच्या जहाजावरचा मिशनरी

1832च्या ऑक्टोबरमध्ये ‘सिल्फ’ नावाचं जहाज अफूच्या पेट्या घेऊन चीनच्या किनाऱ्याने उत्तरेकडे निघालं. अफू हिंदुस्थानात पिकलेली, जहाज पाठवणारा विल्यम जार्डिन हा ब्रिटिश व्यापारी, आणि दुभाषी म्हणून सोबत कार्ल गुट्झलाफ हा जर्मन मिशनरी. अस्खलित चिनी बोलणारा, चिनी वेष करणारा, जाईल तिथे औषधपाणी करणारा माणूस. बंदराबंदराला पेट्या खाली उतरत, त्याच फेरीत हा धर्मपत्रिका वाटत असे. परकीयांना मनाई असलेल्या किनाऱ्यावर पोहोचायचं तर दुसरं वाहन कुठलं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

नशेविरुद्ध चर्चने काय केलं, हे सांगताना बहुतेक जण ही फेरी गाळतात. मला सुरुवात तिथूनच करावीशी वाटते, कारण चीनमधल्या पुढच्या मिशनऱ्यांना हेच ओझं वाहावं लागलं. अफू आणणारेही गोरे आणि येशू सांगणारेही गोरे, तर ऐकणाऱ्याने दोघांत फरक कसा करायचा? त्यात भर म्हणजे अफू सोडवण्यासाठी मिशनरी ज्या गोळ्या देत, त्यांत मॉर्फिन असे. गोळ्यांची सवय अफूसारखीच जडू लागली आणि लोकांनी त्यांना नाव ठेवलं, ‘येशूची अफू’.

याच काळात शान्शी प्रांतात एक वेगळी गोष्ट घडली. शी नावाचा एक कन्फ्यूशियन पंडित, स्वतः अनेक वर्षं अफूच्या आहारी गेलेला, 1879मध्ये ख्रिस्ती झाला. व्यसन सुटताना शरीराची जी दैना होते ती त्याने अंगावर काढली होती. पुढे त्याने गावोगावी अफू सोडणाऱ्यांसाठी आश्रयगृहं उघडली. मिशनकडून येणाऱ्या गोळ्या पुरेनात, तेव्हा चिनी औषधांतून स्वतःच गोळ्या तयार केल्या. तिथे राहून बरा झालेला माणूस पुढच्या घराचा चालक होई. आज व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक ‘मीपण यातूनच गेलोय’ असं सांगून बोलायला सुरुवात करतो, त्या पद्धतीचा हा बराच जुना नमुना.

इंग्लंडात लढाई संसदेत चालली होती. 1874मध्ये अफूच्या व्यापाराविरुद्ध एक संस्था निघाली, तिच्यामागे मुख्यतः क्वेकर या ख्रिस्ती पंथाची माणसं आणि त्यांचा पैसा. सरकारने 1893मध्ये रॉयल कमिशन नेमलं, पण त्याचा 1895चा अहवाल अफू फारशी घातक नाही अशाच सुराचा निघाला आणि चळवळ दहा वर्षं मागे गेली. मग 1906मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने हा व्यापार नैतिकदृष्ट्या असमर्थनीय ठरवला. पुढच्याच वर्षी चीनला जाणारी अफू टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार झाला.

फिलिपिन्समध्ये 1903मध्ये अमेरिकी प्रशासन अफूविक्रीचा मक्ता देऊन त्या महसुलातून शाळा चालवण्याच्या विचारात होतं. मनिलातल्या मिशनऱ्यांनी थेट वॉशिंग्टनपर्यंत ओरड केली आणि विधेयक बारगळलं. मग चौकशी समिती नेमली गेली, तिच्यात बिशप चार्ल्स ब्रेंट होते. समितीने जपान, फॉर्मोसा (आजचं तैवान), ब्रह्मदेश, जावा असा दौरा करून कुठे काय चालतं ते पाहिलं. 1906मध्ये ब्रेंट यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहून आंतरराष्ट्रीय बैठक सुचवली. ती 1909मध्ये शांघायला भरली, 13 देश आले, अध्यक्ष ब्रेंटच. त्यानंतर हेगला भरलेल्या परिषदेचं अध्यक्षपदही त्यांच्याचकडे आलं, आणि 23 जानेवारी 1912ला तिथे पहिला आंतरराष्ट्रीय अफू करार झाला. अमली पदार्थांवरच्या आजच्या जागतिक कायद्याचं मूळ त्या करारात आहे. म्हणजे आज ज्या बंदीच्या धोरणावर जगभर वाद घातला जातो, तिच्या जन्माला एक बिशप हजर होता.

दारूची कथा याहून जुनी. लंडनमध्ये स्वस्त जिनने कहर केला होता, त्या काळात 1743मध्ये जॉन वेस्ली यांनी आपल्या मेथडिस्ट मंडळ्यांना नियम घालून दिले: अगदीच निकड नसेल तर कडक मद्य पिणं, विकणं, विकत घेणं वर्ज्य. शंभरएक वर्षांनी, 10 एप्रिल 1838ला, आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी ‘देवाचं नाव घेऊन’ म्हणत दारू सोडल्याच्या वहीत सही केली. त्यांना तिथवर आणणारा विल्यम मार्टिन हा क्वेकर होता. कॅथलिक पाद्री आणि क्वेकर एका टेबलाशी, हे त्या काळी नवलच. पुढच्या काही वर्षांत लाखो लोकांनी शपथ घेतली. शपथ घेणाऱ्याला पदक मिळे. फादर ती पदकं फुकटही वाटत, त्याने कर्ज इतकं झालं की 1844मध्ये त्याच थकबाकीपायी त्यांना अटक झाली. 1845मध्ये बटाट्याचं पीक कुजलं, दुष्काळ आला आणि चळवळ ओसरली. शपथ गर्दीत घेता येते, पाळायची मात्र एकट्याने, घरी, रात्री.

अमेरिकेत शपथेवरून गाडी कायद्यावर गेली. 1893मध्ये सुरू झालेली अँटी-सलून लीग (सलून म्हणजे दारूचा गुत्ता) स्वतःला ‘कृतीत उतरलेलं चर्च’ म्हणवून घेई. ‘विश्वासही क्रियांवाचून निर्जीव आहे’ हे याकोबाच्या पत्रातलं वाक्य त्यांनी मतपेटीत नेऊन ठेवलं म्हणा ना. 1920पासून देशभर दारूबंदी लागू झाली, 1933मध्ये ती उठली. मधल्या तेरा वर्षांत चोरट्या दारूच्या टोळ्या गब्बर झाल्या, हे सर्वांना ठाऊक आहे.

दारूबंदी उठून दोन वर्षं होत नाहीत तोच, 1935मध्ये, ओहायोतल्या ॲक्रन गावी दोन पिणारे एकमेकांसमोर बसले: एक न्यूयॉर्कचा शेअर दलाल, एक स्थानिक शल्यचिकित्सक. दोघांचाही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती गटाशी संबंध आलेला. आपल्या चुका माणसासमोर कबूल करणं, ज्याचं नुकसान केलं त्याची भरपाई करणं, रोज मौन धरून मार्गदर्शन मागणं ही सगळी तिथली शिस्त. त्यातूनच अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची संघटना उभी राहिली. तिने येशूचं नाव मागे ठेवून ‘आम्हाला जसा समजला तसा देव’ एवढंच पुढे ठेवलं. काही ख्रिस्ती लोकांना हे आजही खुपतं. मला तर वाटतं, चर्चने या प्रश्नाला दिलेली सर्वांत मोठी देणगी हीच, आणि तिच्यावर चर्चचं नाव नाही. 1953मध्ये अल्कोहोलिक्स अनॉनिमसचाच बारा पायऱ्यांचा कार्यक्रम घेऊन, अमली पदार्थ सोडणाऱ्यांसाठी नार्कोटिक्स अनॉनिमस सुरू झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये हेरॉईन पुन्हा पसरलं. पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावचा पाद्री डेव्हिड विल्करसन याने 1958मध्ये मासिकात एका खुनाच्या खटल्यातल्या सात पोरांचं चित्र पाहिलं आणि तो थेट न्यूयॉर्कच्या न्यायालयात जाऊन धडकला. पोरांना भेटू द्या म्हणत पुढे सरसावला, तर पोलिसांनी बाहेर काढलं. बाहेर पत्रकारांनी बायबल उंच धरायला लावून फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी गावभर नाचक्की. पण तो फोटो पाहिलेली रस्त्यावरची पोरं त्याला ओळखू लागली: पोलिसांनी हाकललेला म्हणजे आपल्यातलाच. पुढे ब्रुकलिनमध्ये त्याने टीन चॅलेंज हे व्यसनमुक्तीचं घर उघडलं. तिथे ‘टर्की’, म्हणजे नशा एकदम तोडल्यावरची शरीराची दैना, अंगावर काढायची ती प्रार्थनेच्या आधाराने, बदली औषध नाही.

हाँगकाँगमध्ये 1966मध्ये आलेल्या जॅकी पुलिंजर या तरुण ब्रिटिश स्त्रीने काउलूनच्या तटबंदी वस्तीत हाच मार्ग धरला. ओबो वाजवायला शिकलेली ही मुलगी जिथे पोहोचली तिथल्या बोळांत ऊन पोहोचत नव्हतं आणि राज्य ट्रायड या चिनी गुन्हेगारी टोळ्यांचं होतं.

औषध नको, हा हट्ट या परंपरेचा दुबळा भाग आहे. 1964च्या सुमारास न्यूयॉर्कमध्येच डॉ. डोल आणि डॉ. नायस्वँडर यांनी हेरॉईनऐवजी मेथाडोन हे बदली औषध देण्याचा उपचार सुरू केला. त्याने माणसं जगतात, हे पुढे वारंवार दिसून आलं. तरीही ‘एक नशा सोडून दुसरी’ असं म्हणत कित्येक ख्रिस्ती केंद्रांनी त्याला दार बंद ठेवलं. काही दिवस नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. मग केंद्रातून बाहेर पडलेल्याने जुन्याच मात्रेने सुई टोचली तर जीव जातो. प्रार्थनेने हे शरीरशास्त्र बदलत नाही.

सिडनीत हा पेच उघड्यावर आला. 1999मध्ये किंग्ज क्रॉस भागातल्या वेसाइड चॅपलने चक्क चर्चच्या आवारात सुई टोचायची खोली उघडली, कायदा मोडून, थोडेच दिवस. पुढे सरकारने परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा सिस्टर्स ऑफ चॅरिटी या कॅथलिक नन ही जबाबदारी घेणार होत्या, पण व्हॅटिकनने मनाई केली. मग युनायटिंग चर्च पुढे आलं. 2001च्या मे महिन्यात केंद्र सुरू झालं. नशा स्वतःची आणायची, सुई तिथे स्वच्छ मिळते, परिचारिका लक्ष ठेवते, श्वास मंदावला की ऑक्सिजन. त्या छताखाली अतिमात्रेने आजवर एकही मृत्यू झालेला नाही.

अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सच्या झोपडपट्ट्यांत 2001च्या आर्थिक कोसळीनंतर ‘पाको’ पसरलं. कोकेनच्या उत्पादनातला कच्चा, स्वस्त माल, काही मिनिटांत उतरणारा आणि लगेच पुन्हा मागणारा. तिथले पाद्री वस्तीतच राहत. 2008च्या पवित्र गुरुवारी ‘होगार दे क्रिस्तो’ (ख्रिस्ताचं घर) हे केंद्र सुरू झालं, तेव्हा आर्चबिशप बर्गोलियो, म्हणजे नंतरचे पोप फ्रान्सिस, येऊन नशेतून बाहेर पडू पाहणाऱ्या तरुणांचे पाय धुऊन गेले. व्यसन सोडशील तरच आत ये, अशी अट तिथे नाही. क्षयाची औषधं, ओळखपत्र, वकील, आंघोळ, जेवण, ज्याला ज्या क्रमाने लागेल तसं. याच पाद्र्यांपैकी फादर पेपे यांनी 2009मध्ये वस्तीत पाको उघड विकलं जातं हे जाहीर सांगितलं आणि त्यांना जिवे मारण्याची धमकी आली. त्यांना दूरच्या प्रांतात हलवलं गेलं. 2013मध्ये ते परत आले ते दुसऱ्याच एका झोपडपट्टीत, ला कार्कोवात राहायला.