एकच मजकूर, अनेक पत्ते: सर्च इंजिनं नक्कल कशी ओळखू लागली

एकच मजकूर दोन पानांवर दिसला की गूगल साइटला शिक्षा करतं, ही समजूत वेबसाइट चालवणाऱ्यांमध्ये घट्ट बसली आहे. तिच्या धास्तीने लोक आपलीच चांगली पानं काढून टाकतात. खरं तर सर्च इंजिनांनी नक्कल शोधायला सुरुवात केली ती जागा आणि वेळ वाचवण्यासाठी.

अल्टाव्हिस्टा हे सुरुवातीचं एक सर्च इंजिन १९९५च्या डिसेंबरात सुरू झालं. ते उभं करणाऱ्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या संशोधन केंद्रात आंद्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७मध्ये वेबवरची सुमारे ३ कोटी पानं एकमेकांशी ताडून पाहिली. त्यांतली १ कोटी २३ लाख पानं एकमेकांशी मिळत्याजुळत्या पानांच्या गटांमध्ये जाऊन बसली. यात लबाडी असायलाच हवी असं नव्हतं. सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं तेव्हा जागोजागच्या सर्व्हरवर मुद्दाम ठेवलेली असत.

ब्रोडर यांची युक्ती आजही समजून घेण्यासारखी आहे. मजकुराचे एकमेकांवर चढणारे शब्दगट पाडायचे. ‘आज सकाळी पुण्यात जोरदार पाऊस झाला’ या वाक्याचे चार-चार शब्दांचे गट तीन: ‘आज सकाळी पुण्यात जोरदार’, ‘सकाळी पुण्यात जोरदार पाऊस’, ‘पुण्यात जोरदार पाऊस झाला’. दोन पानांत असे किती गट सामाईक आहेत, त्यावरून साम्य ठरतं. प्रत्यक्षात गट दहा शब्दांचे होते. ८०० शब्दांच्या लेखात असे ७९१ गट पडतात आणि एक शब्द बदलला तर त्यांतले फार तर १० बिघडतात. म्हणून इकडेतिकडे शब्द फिरवून केलेली चोरी लपत नाही.

२००२मध्ये संगणकशास्त्रज्ञ मोझेस चारिकर यांनी पानाचा सारांश एका छोट्या आकड्यात मावेल अशी पद्धत मांडली. ८०० कोटी पानांच्या साठ्यासाठीही ती चालते, हे गूगलच्या अभियंत्यांनी २००७मध्ये दाखवलं. ६४ बिटांचे, म्हणजे ६४ शून्य-एकांनी बनलेले, दोन आकडे जास्तीत जास्त तीन बिटांनी वेगळे असतील, तर ती पानं जवळपास एकच धरायची.

तोवर नकलांचा मोठा कारखाना साइट्सच्या आतच सुरू झाला होता. ऑनलाइन दुकानात एकच साडी रंगानुसार, किमतीनुसार, ‘नवीन आधी’ अशा क्रमानुसार पाहिली की दर वेळी पत्ता वेगळा, माल तोच. १२ फेब्रुवारी २००९ रोजी गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने मिळून कॅनॉनिकल टॅग आणला: यातला खरा पत्ता कोणता, ते साइटनेच सांगावं. त्याच्या काही महिने आधी, सप्टेंबर २००८मध्ये, गूगलने जाहीरपणे लिहिलं होतं की सर्वसाधारण नकलेसाठी दंड नावाची गोष्टच नाही. एकसारखी पानं एकत्र करून त्यांतलं एक दाखवलं जातं, इतकंच. फसवण्यासाठी केलेली नक्कल मात्र यात धरलेली नव्हती.

मग दंडाची समजूत इतकी रुजली कशी? मला वाटतं, २०११ने ती रुजवली. जानेवारीत गूगलने इतरांचा मजकूर उचलणाऱ्या साइट्सना मागे ढकलणारा बदल केला. फेब्रुवारीत पांडा नावाचा आणखी एक बदल आला आणि अमेरिकेतल्या जवळपास १२ टक्के शोधांचे निकाल त्याने हलवले. पांडाचा रोख सुमार आणि उचललेल्या मजकुरावर होता. पण ज्यांची वाचकसंख्या रातोरात कोसळली त्यांनी उचललेला मजकूर आणि साइटच्या आतली साधी नक्कल या दोन्ही गोष्टी एकातच मोजल्या.

खरा अन्याय होतो तो ‘एक दाखवण्याच्या’ निवडीत. कॅनॉनिकल टॅग ही नुसती सूचना आहे, अंतिम निवड गूगलची. घरच्या पाककृती मनापासून लिहिणाऱ्या बाईंचा मजकूर एखाद्या मोठ्या साइटने उचलला, तर वर मोठी साइट दिसू शकते आणि मूळ पान गाळलं जातं. तिथे हातात उरते ती कॉपीराइटची तक्रार. रीतसर परवानगीने लेख दुसरीकडे देणाऱ्यांना गूगल २०२३पासून सांगतं आहे की कॅनॉनिकलवर विसंबू नका, घेणाऱ्या साइटलाच आपली प्रत शोधाबाहेर ठेवायला सांगा. लेख देतानाच ही अट लेखी घालून घ्यावी.