मंग थे रगत जाते कुठी?

कपाशीच्या वेचणीचे दिवस. यवतमाळकडच्या एका उपकेंद्रात ‘अंतरा’ या तीन महिन्यांनी घ्यायच्या गर्भनिरोधक इंजेक्शनचा चौथा डोस घ्यायला आलेली बाई आवाज खाली आणून सिस्टरला विचारते, "दोन-अडीच महिने झाले, पाळीच नाही आली. मंग थे रगत जाते कुठी? सासू म्हन्ते, आत गोळा होते."

प्रश्न अगदी शास्त्रीय आहे. उत्तर असं की ते कुठेच जात नाही, कारण तयारच होत नाही. एरवी दर महिन्याला गर्भाशयाच्या आत अस्तर चढतं, गर्भ राहिला नाही की ते गळून पडतं, त्यालाच आपण पाळी म्हणतो. इंजेक्शनातलं मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक अंडाशयातून बीज सुटू देत नाही, गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट करतं आणि अस्तरही पातळच ठेवतं. भिंत सारवलीच नाही, तर पोपडे कशाचे निघणार?

वर्षभर इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या बायकांची पाळी अशी थांबते. पूर्व विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. तो असलेल्या बायकांना तर हे इंजेक्शन चालतं, उलट त्यांच्या अंगदुखीचे झटके कमी झाल्याचं दिसलं आहे. रक्त कमी असलेल्या बाईचंही दर महिन्याचं रक्त वाचतं.

खरा त्रास पाळी थांबण्याआधीचा. पातळ अस्तरातल्या रक्तवाहिन्या नाजूक असतात, मधूनच फुटतात. पहिले काही महिने थोडं थोडं अंगावर जात राहतं, कधी दहा-पंधरा दिवस. डॉक्टरी भाषेत हा किरकोळ दुष्परिणाम. पण ज्या घरात विटाळ पाळतात, तिथे पंधरा दिवस डाग म्हणजे पंधरा दिवस देवघर बंद, कुठे चूलही बंद. माझ्या मते बायका इंजेक्शन मधेच सोडतात त्यात या हिशेबाचा वाटा मोठा असावा, आणि तो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.

गप्प बसायची सवयही जुनी. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या बायका तपासल्या, तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. म्हणून इंजेक्शन सुरू करण्याआधीच कारण न कळता अंगावरून रक्त जात असेल, तर आधी त्याचा शोध घ्यायला हवा. नंतर सगळं इंजेक्शनच्या माथी मारलं जातं.

वजन वाढतं का? हो, अनेकींचं वर्षाला दोनेक किलो. डोकं दुखणं, चिडचिड हेही काहींना होतं. हाडांची घनता थोडी उतरते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये याबाबत ठळक इशारा छापायला लावला. इंजेक्शन थांबवल्यावर ती बरीचशी भरून येते. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या एका मोठ्या अभ्यासाने वर्षाहून अधिक काळ वापरणाऱ्यांत मेंदूच्या आवरणाच्या गाठीचा धोका वाढलेला दाखवला. ही गाठ मुळातच दुर्मीळ, त्यामुळे वाढूनही धोका लहानच राहतो. तरी डोकेदुखी हटत नसेल किंवा नजर अंधूक व्हायला लागली, तर दाखवलंच पाहिजे.

गर्भनिरोधक गोळी नको वाटली तर उद्यापासून बंद करता येते. इंजेक्शन एकदा टोचलं की तीन महिने काढून घेता येत नाही. बंद केल्यावरही दिवस राहायला वेळ लागतो, शेवटच्या डोसपासून सरासरी दहाएक महिने. कायमचं वांझपण येत नाही. पण नवी नवरी असेल आणि सासर वर्षभरात पाळणा मागणारं असेल, तर हे दहा महिने तिला आधीच सांगितलेले बरे.

सिस्टर कुपी चांगली हलवते. औषध पाण्यात विरघळलेलं नसतं, बारीक कणांच्या रूपात तरंगत असतं आणि तळाशी बसतं. १५० मिलिग्रॅमचे ते कण दंडाच्या स्नायूत हळूहळू झिरपतात, म्हणून डोस तीन महिने पुरतो. जागा चोळली किंवा शेकली तर ते लवकर ओसरू शकतात.

"चोळू नका ताई, शेकूही नका," सिस्टर कार्डावर पुढची तारीख लिहीत म्हणते.

"म्हंजे शिवरात्रीच्या आसपास," ती बोटांवर मोजते. उठता उठता हात सवयीने दंडाकडे जातो, अर्ध्यावर थांबतो, आणि ती पदर नीट करून बाहेर पडते.