ओया (जपानी माहजाँग)

जपानी माहजाँग या चौघांनी खेळायच्या सोंगट्यांच्या खेळात, ज्या डावात जो खेळाडू पूर्वेच्या जागी बसलेला असतो, तो त्या डावाचा ओया. उरलेल्या तिघांना ‘को’ म्हणतात. ओयाला ढोबळमानाने ‘वाटणारा’ म्हटले जाते, पण तो कुणाला काही वाटत नाही. तो फासे टाकतो आणि त्या दानावरून सोंगट्यांची भिंत कुठून फोडायची ते ठरते. मग चौघेही आपापल्या सोंगट्या स्वतःच उचलतात: तीन वेळा चार-चार, नंतर एकेक. शेवटच्या खेपेला ओया एक जादा घेतो. त्यामुळे त्याच्या हाती १४ सोंगट्या येतात, इतरांकडे १३, आणि पहिली सोंगटी तोच टाकतो. त्या १४ उचलतानाच जुळलेल्या निघाल्या तर तो ‘तेन्हो’. त्याचे ४८,००० गुण मिळतात. मात्र वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांपैकीही बहुतेकांना तो कधी लागत नाही.

ओयाचे खरे बळ गुणांत आहे. त्याच्या विजयाला कोच्या सुमारे दीडपट मोल असते. ‘मांगान’ या वरच्या दर्जाचा हात (जुळवलेल्या सोंगट्यांचा संच) कोला ८,००० गुण देतो, ओयाला १२,०००. जिंकणारी सोंगटी ओयाने स्वतः भिंतीतून उचलली असेल, तर तिघांनाही प्रत्येकी ४,००० मोजावे लागतात. साधारणपणे २५,००० गुणांनी सुरू होणाऱ्या खेळात हा तडाखा मोठाच. शिवाय पूर्व वाऱ्याच्या तीन सोंगट्या पूर्व फेरीत ओयाला दोन हान (हाताची किंमत मोजण्याचे एकक) मिळवून देतात, कारण तो वारा फेरीचाही असतो आणि त्याच्या जागेचाही.

पण हीच बाजू उलटतेही. एखाद्या कोने स्वतः सोंगटी उचलून मांगान केला, तर इतर दोघे को २,०००–२,००० देऊन सुटतात, ओया मात्र ४,००० भरतो. या भुर्दंडाला खेळाडू ‘ओयाकाबुरी’ म्हणतात.

ओया जिंकला की जागा त्याच्याकडेच राहते, हे ‘रेंचान’. भिंत संपून डाव निकाली न लागल्यास, ओयाचा हात एका सोंगटीवर अडलेला असला तरी पुष्कळ ठिकाणी रेंचान मानतात. एरवी ओयापद उजवीकडच्या खेळाडूकडे जाते. प्रत्येक रेंचानला १०० गुणांची एक काडी पटावर ठेवतात आणि पुढच्या विजयात काडीमागे ३०० गुण वाढतात. ही वाढ जिंकेल त्याची, कोचीसुद्धा.

म्हणून ओयाने ‘रीची’, म्हणजे जिंकायला आता एकच सोंगटी हवी असे, जाहीर केले की सुमार हातवाले को निमूटपणे सुरक्षित सोंगट्या टाकू लागतात. उलट, ओयाची घोडदौड थांबवण्यासाठी जेमतेम १,००० गुणांचा हात घाईने पुरा करणे हा हिशेबी डाव समजला जातो. शेवटच्या डावात पिछाडीवरचा ओया जिंकत राहिला तर खेळ लांबतच जातो. आघाडीवरचा ओया जिंकला तर मात्र अनेक नियमावल्या त्याला तिथेच खेळ आटोपण्याची मुभा देतात; तिला ‘आगारियामे’ म्हणतात.