मर्मर: आधी कुरकुर, मग झुळझुळ

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांत ‘मर्मर’ हा इंग्रजी शब्द मुलांना बहुधा कवितेतून पहिल्यांदा भेटतो. ओढ्याचं मर्मर, पानांचं मर्मर. गाइडात समोर ‘झुळझुळ’ किंवा ‘सळसळ’ लिहिलेलं असतं आणि विषय तिथंच संपतो. पुढं इंग्रजी पेपरात एखाद्या पक्षात ‘मर्मर्स’ सुरू झाल्याची बातमी येते, तेव्हा ही झुळझुळ काही कामाला येत नाही. तिथं अर्थ असतो नाराजीचा. वरच्यांच्या कानावर जाईल, पण तोंडावर कुणी बोलणार नाही, अशी कुरकुर. आणि हा अर्थ मागाहून चिकटलेला नाही. इंग्रजीतल्या अगदी जुन्या वापरात तोच आहे.

शब्द मूळचा लॅटिन. लॅटिनमध्ये ‘मुर्मुर’ म्हणजे घुमणारा, अस्पष्ट आवाज. त्यात समुद्राची गाज आणि ढगांचा गडगडाटही येत असे, म्हणजे तो हलकाच असावा अशी अट नव्हती. त्याची तक्रारीची धार पक्की झाली ती चर्चच्या लॅटिनमध्ये. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम या ख्रिस्ती विद्वानाने बायबलच्या लॅटिन भाषांतराचं काम हाती घेतलं. बायबलातल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात रानात उपाशी पडलेले इस्राएल लोक आपले पुढारी मोशे आणि अहरोन यांच्यावर चिडतात, तिथं याच शब्दाचं क्रियापद आलं. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने ख्रिस्ती मठासाठी नियम घालून दिले, त्यांत कुरकुरीबद्दल पुन्हा पुन्हा ताकीद आहे. त्यातलाच एक नियम मोलाचा वाटतो: भिक्षूंना रास्त कुरकुरीला कारणच उरू नये, अशी कामाची आणि जेवणाची व्यवस्था मठाधिपतीने लावावी. कुरकुर करणाऱ्याइतकीच कारभार पाहणाऱ्याचीही जबाबदारी इथं धरली आहे.

फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात शब्द इंग्रजीत आला, तो ‘लोकांतली नाराजी’ हा अर्थ घेऊन. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये लोक मोशेविरुद्ध ‘मर्मर’ करतात. आपल्या मराठी बायबलात त्या जागी ‘कुरकुर’ आहे, आणि ती नेमकी बसते. हळू आवाजात बोललेले शब्द हा अर्थ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. नंतर पाण्यापानांचा गोड आवाज कवितेत इतका रुळला, की तक्रारीचा भार ‘ग्रम्बल’वर गेला. हल्लीच्या बऱ्याच इंग्रजी बायबलांत निर्गमच्या त्याच ओळीत ‘ग्रम्बल’ दिसतं. ब्रिटिश फौजेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच कामाला ‘ग्राउस’ हा बोलीतला शब्द आला. बेळगावच्या कॅम्पात तो ऐकू आला असेल, पण मराठीत काही उतरला नाही. स्कॉटलंडच्या कायद्यात मात्र ‘मर्मर’ चांगलंच टिकलं. न्यायाधीशाबद्दल वाईट बोलणं म्हणजे ‘न्यायाधीशाचं मर्मर’ हा तिथं १५४०च्या कायद्याने गुन्हा ठरला होता.

संस्कृत ‘मर्मर’मुळे आपला गोंधळ वाढतो. अमरकोशात मर्मर म्हणजे वस्त्रांचा आणि पानांचा आवाज, तक्रारीचा त्यात मागमूस नाही. दोन्ही शब्द आवाजाची नक्कल करून घडले आहेत, म्हणून ऐकायला जुळे वाटतात. पण इंग्रजी शब्दाच्या जागी संस्कृत शब्द ठेवला, की नाराजी गळून पडते.

डॉक्टरी अर्थ अगदी वेगळा. स्टेथोस्कोप १८१६मध्ये आला आणि त्यानंतर काही वर्षांत हृदयाच्या जादा आवाजाला हे नाव पडलं. रिपोर्टात ‘मर्मर, ग्रेड ३/६’ असं लिहिलेलं असतं, ते आवाजाची सहापैकी पायरी सांगतं. चौथ्या पायरीपासून छातीवर हात ठेवला तर थरथर लागते. आवाज किती मोठा एवढंच यातून कळतं, आजार किती मोठा ते नाही. इथं भाषांतर करू नये, ‘मर्मर’च ठेवावं.

तक्रारीच्या अर्थाने वापरताना चुका होतात त्या ‘मर्मर’पुढं जोडायच्या शब्दांत. माणसावर किंवा निर्णयावर रोख असेल तर ‘अगेन्स्ट’ किंवा ‘ॲट’, विषय सांगायचा असेल तर ‘अबाउट’. ‘टू’ लावलं की कुणाच्या तरी कानाशी हळू बोलणं एवढाच अर्थ उरतो, नाराजी जाते. बातमीत तो बहुधा अनेकवचनी असतो. मराठीत ‘नाराजीचा सूर उमटला’ किंवा ‘धुसफूस सुरू आहे’ म्हटलं की काम भागतं. ‘विदाउट अ मर्मर’ म्हणजे हूं की चूं न करता. ‘मर्मरशिवाय’ असं शब्दाला शब्द ठेवून लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही.

मराठीतले जवळचे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. दोघांत खटके उडतात ती कुरबुर. गटाच्या आत कोंडलेला राग ती धुसफूस. कुजबुजीत राग असेलच असं नाही, गुपित असतं. पुटपुटणारा एकटा असतो, आणि तो देवाचं नावही घेत असेल. सीमाभागातल्या मुलांची आणखी एक अडचण कन्नडमुळे होते: ‘गोणगु’ म्हणजे कुरकुरणं आणि आपलं ‘गुणगुणणं’ म्हणजे गाणं. कानाला दोन्ही जवळचे, म्हणून उत्तरपत्रिकेत गाणारा माणूस तक्रार करू लागतो. कन्नड ‘गुसुगुसु’ आपल्या कुजबुजीच्या जवळ जातं.

तालुका कचेरीतली रांग घ्या. जमिनीचा उतारा कन्नडात हातात पडतो आणि एखादा म्हातारा स्वतःशीच म्हणतो, “काय लिवलंय काय की!” हे पुटपुटणं, इंग्रजीत ‘मटर’. मागचे चार जण माना हलवतात, ‘आमचं बी तसंच’ म्हणतात, आवाज खिडकीपर्यंत पोचतो पण कारकुनाशी कुणी बोलत नाही. हे ‘मर्मर’. कुणी पुढं होऊन मोठ्यानं विचारलं की ते ‘प्रोटेस्ट’. कागदावर लिहून दिलं की ‘कम्प्लेंट’ किंवा ‘रिप्रेझेंटेशन’, म्हणजे आपलं निवेदन. त्यामुळं अर्जात स्वतःबद्दल ‘मर्मर’ कधी लिहू नये. पाहणारा दुसऱ्यांबद्दल तो शब्द वापरतो, आणि त्यातून नोंद करण्यासारखं काही घडलं नाही असंच ध्वनित होतं.

निवेदनाची नोंद राहते, ती नीट घ्यावी. दोन प्रती काढाव्यात, विषय एका ओळीत लिहावा, मागणी एकच ठेवावी. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. क्रमांक नसला तर पुढच्या खेपेला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. भाषेचा प्रश्न असेल तर भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या केंद्राच्या योजनेचा हवाला द्यावा: जिल्हा, तालुका किंवा नगरपालिकेत ज्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त आहेत, त्या भाषेतही महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम प्रसिद्ध व्हावेत, असं त्यात आहे. निवेदन इंग्रजीत किंवा कन्नडातच हवं असं कुणी म्हणालं, तर घटनेचं कलम ३५० दाखवावं. गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क त्यात आहे. मराठी त्यात येते.