रेशमी स्कार्फची ओळख : सहीमागचा इतिहास

जुना रेशमी स्कार्फ हाती आला की पाहणारा बहुधा आधी कोपऱ्यातली सही शोधतो. सही सापडली की ओळख पटली, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात या वस्तूच्या इतिहासात सही बरीच उशिरा आली आणि तिची नक्कल करणेही फारसे अवघड नाही. कापडाची वीण, छपाईची तऱ्हा, काठाची दुमड यांपैकी एकही गोष्ट ओळख पटावी म्हणून जन्माला आलेली नव्हती. त्या त्या काळच्या यंत्रांमुळे, युद्धांमुळे आणि कायद्यांमुळे ती तशी घडत गेली, आणि म्हणूनच तिची साक्ष सहीपेक्षा अधिक भरवशाची ठरते.

छापील चौकोनी रुमालाची युरोपातली आवड अठराव्या शतकात वाढली ती बंगालहून जाणाऱ्या रेशमी रुमालांमुळे. कापडाला गाठी बांधून ते रंगवले जाई आणि गाठ सुटली की तिच्या जागी पांढरा ठिपका उरे. ‘बांधणे’ या क्रियेवरूनच इंग्रजीत ‘बँडाना’ हा शब्द रूढ झाला. इंग्लंडमध्ये १७०१ पासून बंगाली रेशीम वापरण्यावर बंदी होती, तरी चोरट्या वाटेने हे रुमाल तिथे पोहोचतच राहिले. परदेशी रेशमी मालावरची ही बंदी उठायला १८२६ साल उजाडले. त्या काळी नक्षी कुणा एका चित्रकाराची नसे. नक्षीवरून प्रदेश ओळखला जाई, आणि तोही पुढे फसवा ठरू लागला. काश्मिरी शालींवरची कोयरी स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावच्या मागांवर इतक्या मोठ्या प्रमाणात विणली गेली, की इंग्रजीत तिला त्या गावाचेच नाव मिळाले. त्यामुळे एखाद्या स्कार्फवर कोयरी दिसली, म्हणून त्याच्या जन्मस्थानाविषयी काहीही सिद्ध होत नाही.

कापडाचा इतिहास मुख्यतः फ्रान्समधल्या ल्यों शहराभोवती फिरतो. राजा पहिला फ्रान्स्वा याने १५३६ मध्ये तिथल्या रेशीम विणकामाला सवलती दिल्या आणि १८०४ मध्ये जोसेफ मारी जाकार याने छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग तिथेच आणला. या मागावर विणलेल्या जॅकार्ड कापडात नक्षी विणीतच असते; छापील स्कार्फमध्ये ती विणीवर बसते, आणि हा फरक बोटांनाही कळतो. नावाजलेल्या फॅशन घराण्यांचे स्कार्फ प्रामुख्याने ट्विल विणीचे असतात. भिंगाखाली या कापडावर बारीक तिरप्या रेषा स्पष्ट दिसतात आणि कापड मुठीत दाबून सोडले तर ते लोळागोळा न होता पुन्हा उलगडू पाहते. शिफॉन आणि जॉर्जेट पारदर्शक असतात, दोन्हींचा सूत पिळदार असतो आणि जॉर्जेट त्यांतल्या त्यात खरबरीत लागतो. क्रेप द शीनला मंद, कणीदार पोत असतो, तर साटिनची एकच बाजू चकाकते. रेशमाचे वजन मॉमी या जपानी एककात सांगितले जाते. एक मॉमी म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ४.३४ ग्रॅम, म्हणजे १८ मॉमीच्या ९० सेंटिमीटर चौरस स्कार्फचे वजन साधारण ६३ ग्रॅम भरते. स्वयंपाकघरातल्या साध्या वजनकाट्यावरही ही पडताळणी होते, पण ती करणारे थोडेच.

आज ज्याला आपण डिझायनर स्कार्फ म्हणतो, त्याची सुरुवात सामान्यतः १९३७ पासून सांगितली जाते. पॅरिसचे एर्मेस हे घराणे १८३७ पासून घोड्यांचे साज आणि खोगिरे बनवत होते. शताब्दीच्या वर्षी एमिल एर्मेस यांचे जावई रोबेर द्युमा यांनी पहिला चौकोनी स्कार्फ काढला. त्याचे नाव ‘जू देझ ऑम्निब्युस ए दाम ब्लाँश’. घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांवर बेतलेल्या जुन्या बैठ्या खेळाच्या पटावरून त्याची नक्षी घेतली होती आणि ती लाकडी ठशांनी छापलेली होती. फ्रेंच भाषेत चौकोनाला ‘कारे’ म्हणतात. तेच नाव या स्कार्फला चिकटले. ह्युगो ग्रिगकार या चित्रकाराने घराण्यासाठी पुढे अनेक नक्ष्या काढल्या. त्यांतली १९५७ ची ‘ब्रीद द गाला’, म्हणजे समारंभातल्या घोड्यांचे लगाम, इतकी खपली की ती वेगवेगळ्या रंगसंगतींत पुनःपुन्हा छापली गेली. नवख्या संग्राहकाची इथे हमखास फसगत होते. नक्षीचे वर्ष आणि हातातल्या स्कार्फचे वर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५७ ची नक्षी असलेला स्कार्फ त्यानंतर कित्येक दशकांनी छापलेला असू शकतो.

लाकडी ठशांची जागा पुढे जाळीच्या चौकटींनी, म्हणजे स्क्रीन छपाईने घेतली. या पद्धतीत प्रत्येक रंगाची चौकट स्वतंत्र असते. नक्षी तीस रंगांची असेल तर तीस चौकटी एकामागून एक त्याच जागी अचूक टेकवाव्या लागतात. एखादी चौकट केसभर सरकली, तर दोन रंगांच्या सीमेवर पांढरी फट तरी राहते, नाहीतर रंगावर रंग चढून गडद रेघ उमटते. हाताने केलेल्या चांगल्या छपाईत रंग कापडात मुरतो आणि स्कार्फची मागची बाजू जवळजवळ पुढच्याइतकीच ठसठशीत दिसते. स्वस्त छपाईत, आणि अलीकडच्या डिजिटल छपाईतही बऱ्याचदा, मागची बाजू फिकट राहते. म्हणून अनुभवी माणूस स्कार्फ आधी उलटा करून पाहतो.

काठाचेही तसेच आहे. हाताने गुंडाळून शिवलेला काठ गोलसर आणि भरीव असतो, त्याचे टाके किंचित असमान पडतात आणि कोपऱ्याशी तो बारीक टोकासारखा निमुळता होतो. फ्रेंच पद्धतीत हा काठ साधारणपणे स्कार्फच्या दर्शनी बाजूकडे वळवतात, तर इटालियन आणि इंग्रजी स्कार्फमध्ये तो बहुधा मागे वळवलेला आढळतो. हा फरक कारागिरांच्या सवयीतून आलेला असल्यामुळे तो अंतिम पुरावा मानू नये. मात्र एर्मेसच्या नावाचा स्कार्फ असेल आणि काठ यंत्राने सपाट शिवून मागे दुमडलेला असेल, तर पुढे पाहण्याची फारशी गरज उरत नाही.

दुसऱ्या महायुद्धात रेशीम पॅराशूटकडे वळले आणि १९४१ मध्ये जपानहून पाश्चात्त्य देशांना होणारा पुरवठाही थांबला. नागरिकांसाठी स्कार्फ बनवणाऱ्या अनेकांना रेयॉन या कृत्रिम रेशमावर काम चालवावे लागले. त्यामुळे त्या काळचा स्कार्फ रेयॉनचा निघाला, तर तेवढ्यावरून त्याला बनावट ठरवणे चूक आहे. लंडनच्या जॅकमार कंपनीने युद्धप्रचाराच्या घोषणा आणि चित्रे असलेले स्कार्फ काढले. आर्नल्ड लीव्हर हा त्यांचा प्रमुख चित्रकार होता. युद्धानंतर उरलेल्या पॅराशूटच्या रेशमावर अमेरिकेत व्हेरा न्यूमन यांनी स्कार्फ छापले. लंडनमध्ये झिका आणि लिडा ऍशर या प्रागहून आलेल्या दांपत्याने आंरी मातीस आणि हेन्री मूर यांच्यासारख्या कलावंतांकडून स्कार्फसाठी चित्रे करून घेतली. चित्र जसे सहीनिशी विकले जाते तसा स्कार्फही विकता येतो, ही कल्पना या वर्षांत घट्ट झाली.

सही सर्वत्र दिसू लागण्यामागे कायद्याचाही वाटा आहे. १९५२ च्या जागतिक कॉपीराइट कराराने वर्तुळातली ‘सी’, मालकाचे नाव आणि वर्ष अशा खुणेला अनेक देशांत मान्यता दिली आणि हा करार १९५५ मध्ये अमलात आला. त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकी न्यायालयांनी कापडावरच्या छापील नक्षीलाही हे संरक्षण लागू असल्याचे मान्य केले. अमेरिकेत अशी खूण छापण्याची सक्ती १९८९ पर्यंत टिकली. साहजिकच नक्षीतच नाव गुंफण्याला व्यावहारिक अर्थ आला. फ्लॉरेन्सच्या एमिलिओ पुची यांच्या भोवऱ्यांसारख्या नक्ष्यांत ‘एमिलिओ’ ही बारीक सही रेषांमध्ये दडलेली असते. व्हेरा यांच्या सहीशेजारी लेडीबग हा ठिपकेदार किडा येतो. एर्मेससाठी काम करणाऱ्या आनी फेव्र तर आपल्या नक्षीत कुठेतरी माकड लपवून ठेवतात. गुची या इटालियन घराण्याची ‘फ्लोरा’ ही नक्षी १९६६ ची. मोनॅकोच्या राजकन्या ग्रेस यांच्यासाठी व्हित्तोरियो आक्कोर्नेरो यांनी ती काढली. तिच्यात सदतीस रंग आहेत आणि फुलांमधून फुलपाखरे व किडे फिरताना दिसतात. नकलेत फुले बरी उतरतात, पण या किड्यांचे पाय आणि मिशा हटकून जाड होतात.

लेबलाची कथा थोडक्यात सांगता येते. अमेरिकेत १९५८ चा कापड-तंतू ओळख कायदा १९६० मध्ये लागू झाला आणि कापड कशाचे आहे हे लेबलावर लिहिणे बंधनकारक झाले. धुण्याच्या सूचना बंधनकारक झाल्या त्या १९७२ मध्ये. त्यामुळे धुण्याच्या सूचनांचे मूळ लेबल असलेला स्कार्फ १९४० च्या दशकातला म्हणून विकला जात असेल, तर तो दावा बाजूला ठेवावा. उलट बाजूने हा नियम चालत नाही, कारण लेबल मानेला टोचते म्हणून कित्येक जणी ते कापूनच टाकत. लेबल कापले असेल तर पूर्वी ते जिथे टाचले होते तिथे टाक्यांची बारीक छिद्रे उरतात, आणि काठाच्या दुमडीत, जिथे ऊन पोहोचलेले नसते, तिथे मूळ रंग तसाच गडद राहिलेला असतो. तंतूची खात्री हवी असेल, तर त्याच दुमडीतून एक सुटा धागा काढून जाळून पाहतात. रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रेयॉन मात्र कागदासारखा भुर्रकन जळून जातो.