'लाइन'च्या मुळाशी जवस

मे महिन्याच्या दुपारी कूलर घरघरत थांबला की आमच्या नागपूरच्या गल्लीत कंपाउंडच्या भिंतीवरून पहिला प्रश्न येतो, "वहिनी, तुमच्याकडची लाइन आहे का जी?" पुण्याच्या पाहुण्याला वाटते, फोनबद्दल विचारताहेत. त्यांच्याकडे लाइट जाते, आमच्याकडे लाइन जाते. खांबावर चढणाऱ्याला सगळेच लाइनमन म्हणतात, तेव्हा आमचा शब्द जास्त बरोबर, असे माझे मत.

इंग्रजीतला हा इवलासा शब्द सुरुवातीला विजेचा नव्हता, रांगेचाही नव्हता. तो दोरीचा होता. लॅटिनमध्ये 'लिनुम' म्हणजे जवस. जवसाच्या खोडातल्या तंतूंपासून केलेला धागा तो 'लिनेआ', आणि ताणून धरलेली दोरी ती लाइन. लिनन हे कापड त्याच झाडाचे. कपड्याला आतून लिनन लावत, म्हणून अस्तराला 'लायनिंग' नाव पडले. विदर्भात जवस पेरतात ते तेलासाठी आणि चटणीसाठी. भाजलेले जवस, लसूण, तिखट, मीठ खलबत्त्यात कुटताना आपण 'लाइन'चे मूळच कुटतो आहोत, हे कुणाच्या मनात येणार!

दोरीचा तो जुना अर्थ गवंड्याने मात्र सोडलेला नाही. भिंतीच्या दोन टोकांना दोन विटा आणि त्यांना गुंडाळून ताणलेली नायलॉनची लाइनदोरी. फोड केली तर 'दोरीदोरी', पावरोटीतला प्रकार, तिथे पाव म्हणजेही रोटीच. गंमत पुढेच आहे. थर सरळ बसला की जुना मिस्त्री एक डोळा मिटून म्हणतो, "सुतात आहे." म्हणजे धाग्यापासून सरळपणाकडे जाण्याचा प्रवास मराठीने स्वतःच्या सुतावर आधीच करून ठेवला होता. पुढे नियमाचे सूत्र झाले, दोघांचे सूतही जमू लागले. 'लाइन मारणे' एकट्याला जमते. सूत जमायला दोघे लागतात.

नागपूरच्या नकाशावरची लाइन लष्करी वळणाची आहे. १८१७ मध्ये इंग्रजांनी भोसल्यांविरुद्ध सीताबर्डीची लढाई जिंकली, १८२१ मध्ये कामठीला त्यांची छावणी पडली. छावणीत शिपायांची घरे एका ओळीत, म्हणून त्या 'लाइन्स'. मुलकी साहेबांच्या वस्तीला त्याच धर्तीवर सिव्हिल लाइन्स, मग बंगले ऐसपैस आवारांत का विखुरलेले असेनात. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी झाली आणि हा भाग सत्तेचा झाला. विधान भवन आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ आजही तिथेच आहे. एक बारीकशी गोष्ट पाहा: साहेबांच्या वस्तीने इंग्रजी अनेकवचनाचा 'स' अजून सांभाळला आहे, पोलीस लाइन टाकळी या वस्तीच्या नावात तो केव्हाच गळला. एरवी आपण 'दोन लाइनी' म्हणतो, मराठी व्याकरणाने.

१८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोहोचली आणि लाइन म्हणजे रूळ झाले. अरुंद रुळांची ती छोटी लाइन. दोन रुळांत जेमतेम अडीच फूट अंतर असलेली इतवारी-छिंदवाडा गाडी २०१५ मध्ये बंद झाली, रूळ रुंद करायला काढले, पण मागच्या पिढीच्या तोंडून 'छोटी लाइन' जात नाही. 'लाइन क्लियर' हाही रेल्वेचाच शब्द. पुढच्या स्टेशनाने मार्ग मोकळा असल्याचे कळवल्याखेरीज मागचा स्टेशनमास्तर गाडी सोडत नाही. आता तोच शब्द लग्नाच्या बोलणीत ऐकू येतो: मुलीकडून लाइन क्लियर आहे.

तारायंत्र आणि टेलिफोन आले तसा शब्द तारेवर चढला, तारेतून घरातल्या बटणापर्यंत आला. धंद्याची लाइन, रेशनची लाइन, 'पोरगा लाइनीवर आला' हे सगळे तर रोजचेच.

२०१९ पासून मेट्रोच्या लाइनी आल्या, एक ऑरेंज आणि एक अ‍ॅक्वा. दोन्ही सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. जिन्याशी उभ्या असलेल्या एका आजींना परवा कुणी तरी सांगत होते, "अ‍ॅक्वा लाइन पकडा." आजींनी मागे वळून पाहिले आणि तिकीट खिडकीच्या लाइनीत जाऊन उभ्या राहिल्या.